आम्ही कालाहारीला पावसातच गेलो

आत्ता तिकडे सीझन आहे. म्हणजे सगळे तसं म्हणतात. सकाळी फोन उघडला की पहिलं हेच येतं. धुळीतून चाललेले हत्ती, पाणवठ्यावर गर्दी करून उभे झेब्रे, गाडीच्या टपावर तंबू, तंबूच्या शिडीवर चहाचा मग घेऊन बसलेला कोणीतरी खूश माणूस, आणि खाली ओळ: आफ्रिकेच्या दक्षिणेला स्वतः फोर बाय फोर घेऊन फिरायचं असेल तर मे ते ऑक्टोबर, दुसरा विचार करूच नका.

दुसरा विचार करूच नका हे वाचलं की माझं डोकं सटकतं. कारण आम्ही केला. मी आणि आई, दोघीच, यावर्षी फेब्रुवारीत बोट्स्वानाला गेलो, भर पावसाळ्यात. तिकडचं कॅलेंडर उलटं, आपण स्वेटर कपाटात टाकत असतो तेव्हा तिकडे ऊन आणि पाऊस एकत्र चालू असतात. आणि आता जुलैत, खाली भोईवाड्यात मंडपाचे बांबू येऊन पडलेत, वर सगळं कुंद, टॉवेल दोन दिवस वाळत नाहीत, आणि मी खिडकीत बसून लोकांचे कोरडे फोटो बघतेय आणि प्रत्येक फोटोशी मनात भांडतेय.

खोटं नाही बोलत ते लोक, हेही सांगून टाकते. कोरड्या महिन्यांत गवत वाळून खाली बसतं, त्यामुळे लांबचं दिसतं. पाणी मोजक्याच ठिकाणी उरतं, म्हणून प्राणी तिथे येतातच, तुम्ही नुसतं जाऊन बसायचं. डास नाहीत. रस्ते वाळलेले. रात्री मात्र अशी थंडी की बाटलीतलं पाणी गोठतं, आणि ऑक्टोबरात असं ऊन की माणूस गोठायला तयार होतो. पण बेस्ट तेच, मान्य. फक्त मला कोणीतरी सांगा, बेस्ट कोणासाठी. ज्याच्याकडे पुढचं वर्ष आहे, आणि त्याच्या पुढचंही आहे, त्याच्यासाठी ना.

आई शाळेची व्हॅन चालवायची. लालबाग, परळ, काळाचौकी, सकाळची शाळा आणि दुपारची शाळा. मी पहिलीत होते तेव्हा तिने सुरू केली, आणि माझं कॉलेज संपून मला लोअर परळच्या ऑफिसात नोकरी लागली तरी चालूच. पोरं तिला काकू म्हणायची, पोरांचे बाप मॅडम म्हणायचे, आणि सिग्नलवरचे टॅक्सीवाले आधी काहीतरी भलतंच म्हणायचे आणि मग तिचं तोंड ऐकून गप्प बसायचे. शाळा सुटायच्या आधी गेटसमोर जागा मिळावी म्हणून ती लवकर जाऊन थांबायची, आणि त्या वेळात फोनवर व्हिडिओ बघायची. बायका रेसिपी बघतात, ही वाळूत रुतलेल्या गाड्या बघायची. कुठे नामिबिया, कुठे कालाहारी. संध्याकाळी भाजी निवडता निवडता मला सांगणार, "आज एक बाई होती, टेकाडावर चढताना मध्येच गियर बदलला तिने. गेली ना गाडी मागे. मूर्ख."

"तू काय केलं असतंस?"

"खालूनच छोट्या गियरला टाकून आले असते. असा हात हाणला असता बघ." आणि पडवळ हातात धरून दाखवायची.

ही तिची गंमत आहे असं आम्हाला वाटायचं. बाबांना तर अजूनही तसंच वाटतं. ते माझगावला डॉकमध्ये आहेत, आणि त्यांची अख्ख्या वर्षाची रजा गणपतीसाठी राखून ठेवलेली असते. लग्नाला नाही, आजारपणाला नाही, ती रजा फक्त गावच्या गणपतीला. आमच्याकडे वर्ष असंच मोजतात. मे महिन्यात गाव, जूनला शाळा, मग गणपती, मग नवरात्र, मग दिवाळी. बरोबर बघाल तर तो जो बेस्ट सीझन आहे ना आफ्रिकेचा, तो अख्खाच्या अख्खा आमच्या या यादीखाली गाडलेला आहे. त्यामुळे आई ते व्हिडिओ बघायची आणि जायचा विषय निघायचाच नाही. निघणार कुठून, जागाच नव्हती.

मग गेल्या दिवाळीच्या आधी दादरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ती तपासणी झाली. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून गेलो होतो. एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसायचं, समोर बघायचं, आणि आजूबाजूला बारीक दिवा लागला की हातातलं बटण दाबायचं. मी बाहेर बसले होते. आई बाहेर आली ती खुशीतच. म्हणाली, "सोपं होतं गो. बऱ्याच वेळा तर दिवे लागलेच नाहीत, नुसतीच बसून होते."

डॉक्टरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "दिवे लागले होते."

काचबिंदू. समोरचं स्वच्छ दिसतं आणि कडेकडेने काळोख आत यायला लागतो, आणि माणसाला कळतही नाही, कारण मान वळवून तो भागवत असतो. डॉक्टर म्हणाले, अजून लायसन्सच्या नियमात बसतंय, दिवसा चालवू शकता, औषध घाला, सहा महिन्यांनी परत बघू. मग मात्र सांगता येत नाही. आई सगळं ऐकून घेत होती. घरी आली, चहा टाकला, आणि चहा उकळेपर्यंत पोरांच्या आयांना फोन लावायला सुरुवात केली. दिवाळीनंतर व्हॅन बंद.

"डॉक्टर चालवा म्हणालेत ना दिवसा," मी म्हटलं.

"माझी मी चालवीन. लोकांची पोरं घेऊन नाही."

त्या आठवड्यात मी तिला रडताना बघितलं नाही. एकदा फक्त खाली उभ्या व्हॅनमध्ये मागच्या सीटवर बसलेली दिसली. पोरं बसतात तिथे. मी वरून बघितलं आणि खाली गेले नाही. आणि मग माझं टाळकं असं काही फिरलं की त्याच दिवशी मी शोधायला लागले. सहा महिने म्हणजे एप्रिल-मे. त्याच्या आधी काय? तिकडचा पाऊस.

मी त्या सगळ्या ग्रुपांवर विचारलं. फेब्रुवारीत कालाहारी कसं? लोक असे तुटून पडले की विचारू नका. गवतात काही दिसत नाही. चिखलात दिवसेंदिवस अडकाल. दोन बायका, पहिलीच वेळ, वेडेपणा. एकाने तर लिहिलं की ताई, एवढा खर्च करताय तर थोडा पेशन्स ठेवा, पुढच्या ऑगस्टला जा. पेशन्स. मी त्याला उत्तरात एवढं मोठं लिहिलं आणि मग पुसलं, कारण आईचे डोळे ही त्याला सांगायची गोष्ट नव्हती.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, लालबागला राहतो, आम्ही जातोय ही बातमी लागली तसा वर आला. दारातूनच सुरू. "ताई, पावसात खंय जातंस गो? आणि व्हॅन विकून?"

"मग काय तिचं लोणचं घालू?"

"अगो, माणसं प्राणी बघायला जातात. तुका गवत बघूचा हा काय?"

"मला गाडी चालवायची आहे," आई म्हणाली. "प्राणी दिसले तर दिसले. राणीच्या बागेत बघितलेत मी."

मामाने माझ्याकडे बघितलं, म्हणजे आता तू तरी. मी म्हटलं, "मामा, व्हिसा झालाय."

झाला नव्हता. पण नंतर झाला.

आता तो देश सांगते. आपण तिकडे उतरलो की पहिलं काय कळतं तर त्यांच्या पैशाला पुला म्हणतात, आणि पुला म्हणजे पाऊस. शुभ बोलायचं असलं तरी पुला म्हणतात. त्या लोकांनी पावसाचं नाव नोटेवर छापलंय आणि आपले लोक ग्रुपवर लिहितात की पावसात जाऊ नका, मजा नाही. मौन म्हणून गाव आहे, तिथून गाडी भाड्याने घेतली. यार्डात म्फो नावाची बाई होती, आईच्याच वयाची, तिने सगळं समजावलं, तंबू कसा उघडायचा, छोटा गियर कुठे, टायरमधली हवा कधी कमी करायची. पुढच्या जाळीला एक बारीक नेटचं कापड बांधलेलं, कारण उंच गवताचं बी आत जाऊन रेडिएटर चोंदतो. ते कापड एका बाजूने फाटलेलं, तर आईने बॅगेतून मच्छरदाणीचा तुकडा काढला आणि तिथेच टाके घातले. म्फो बघत राहिली. मग चावी पुढे करून मला म्हणाली, ड्रायव्हर कोण. आईने हात वर केला. शाळेत करतात तसा. म्फो हसली आणि "म्मा" म्हणून चावी तिच्या हातात दिली. तिकडे मोठ्या बाईला म्मा म्हणतात. आईला ते फार आवडलं, काकूच्या वरचं प्रमोशन.

आमच्या दोघींत एक ठरलं होतं. डांबरी रस्ता माझा, माती तिची. डांबरावर वेग असतो आणि कडेने गाढवं, गाई, बकऱ्या हव्या तशा आत येतात, आणि कडाच तर तिच्या गेल्या होत्या. जंगलातल्या वाटेवर गाडी चालते माणसाच्या चालीने, समोर दोन चाकोऱ्या, तेवढ्या तिला लख्ख दिसत होत्या. माझं ड्रायव्हिंग म्हणाल तर लायसन्स आहे. आई शेजारी बसून पूर्ण रस्ताभर पायाने ब्रेक मारत होती, तिच्या बाजूला ब्रेक नव्हता तरी.

आणि मग कालाहारीच्या अभयारण्याचं गेट आलं, डांबर संपून बराच वेळ झाला होता, आम्ही जागा बदलल्या. ती सीटवर बसली, सीट पुढे घेतली, आरसा स्वतःकडे वळवला, छोटा गियर टाकला. पडवळवाला हात. पहिला अर्धा तास ती नुसती हसत होती, स्वतःशीच, दात दाखवून, आणि मी खिडकीतून बाहेर बघत होते कारण तिच्याकडे बघितलं असतं तर माझं काही खरं नव्हतं.

पावसाने वाळू दबलेली होती, घट्ट. कोरड्या सीझनमध्ये तीच वाळू पिठासारखी सुटते आणि लोक तासन्तास फावडं मारतात, हे मात्र त्या फोटोंखाली कोणी लिहीत नाही. आणि पाऊस तिकडचा आपल्यासारखा चिकट नाही. दुपारी लांब एक ढग उभा राहतो, त्याच्या खालून करड्या रंगाचा खांब उतरतो, तो खांब चालत चालत येतो, तासभर धुऊन काढतो, पुढे जातो. मग ऊन. मग असा वास की मला तो अजून कशासारखा आहे ते सांगता आलेलं नाही. परळचा नाही एवढं नक्की. आपल्या वासात गटार असतं.

तर आता ते डबकं.

त्याआधी हिंदमाता सांगायला हवं. मी लहान असताना पावसाळ्यात हिंदमाताच्या सखल चौकात पाणी भरलं की आईची व्हॅन कधी थांबायची नाही. बाकीचे कडेला घ्यायचे, ही मधून. रस्ता मधे उंच असतो आणि कडेला गटारं, झाकणं उघडी. नियम दोन. एक, मधून जायचं. दोन, थांबायचं नाही, थांबलं की अडकलं. आम्ही पोरं मागे ओरडायचो, मधून काकू मधून, आणि पाणी दोन्ही बाजूंनी पंखांसारखं उडायचं. ही विद्या तिच्या हाडात आहे. मुंबईत पाण्याखाली डांबर असतंच असतं, हा विश्वासही.

तिसऱ्या दिवशी वाटेत पाणी लागलं. पसरट, दुधाळ, शांत.

"आई, थांब. म्फो म्हणाली होती, पाणी दिसलं की आधी उतरून बघा."

"थांबलं की अडकतं," आई म्हणाली, आणि मधून गेली.

मधे तळ नव्हताच. तिकडे ती जुन्या वाळलेल्या तळ्याची जमीन, चिकणमाती, कडेला घट्ट आणि मधे लापशी. गाडी एकदा हिंदकळली, एकदा घसरली, आणि बसली. म्हैस बसते तशी, समाधानाने. आईने इंजिन बंद केलं. मग ती म्हणाली, "हिंदमाता बरं."

सकाळी त्याच वाटेवर सिंहाच्या पावलांचे ठसे बघितले होते. ताजे. म्हणजे एकीने खाली उतरून खणायचं आणि दुसरीने पहारा करायचा, हे उघड होतं. मी फावडं घेतलं. मी पंचवीस वर्षांची, ती पंचावन्नची, तिच्या पाठीत कळ येते, हिशेब सरळ. तिने माझ्या हातातून फावडं काढून घेतलं.

"तू टपावर जा."

"अगं, तुझी पाठ—"

"वर उभं राहून चहूकडे बघायला लागणार. ते मला नाही जमायचं. बाजूने काही आलं तर मला कळणारच नाही गो."

तोवर ती हे कधी बोलली नव्हती. डॉक्टरांचं बोलणं सांगायची, औषध घालायची, पण मला दिसत नाही असं तिच्या तोंडून पहिल्यांदा तिथे आलं, गुडघाभर चिखलात, आणि ते म्हणून तिने लगेच चाकापाशी फावडं मारलं. मी टपावर चढले.

आणि मी सगळं मोठ्याने सांगायला लागले. रेडिओसारखं. डावीकडे हरणं आहेत आई, बसलीत. त्यांच्यात पिल्लं आहेत, खूप पिल्लं, पाय नुसते काड्या. मागे काही नाही. उजवीकडे झाडी, काही हलत नाही. पिवळी फुलं आहेत, आपल्याकडे गोखरूला येतात ना तसली, पार तिथपर्यंत, जमीन दिसत नाही. पांढऱ्या पोटाचे मोठे पक्षी चालतायत गवतात, शेकड्याने, पीटीच्या तासाला निघाल्यासारखे. समोर ढग आहे.

"किती लांब?" खालून आई.

"परळ ते दादर असेल."

"मग आहे टाइम."

मी गोल फिरत होते, हळूहळू, पायाखाली टप तापलेला, आणि सांगत होते. मला वाटतं मी आयुष्यात एवढं कधी काही बघितलं नाही. गवतात काही दिसत नाही म्हणणाऱ्या त्या सगळ्यांना मला तिथे आणून टपावर उभं करायचं होतं. दुसऱ्या कोणासाठी बघायचं असलं ना, की दिसतं. एक हरीण नुसतंच उडालं, चारी पाय एकत्र, काही कारण नसताना. मी तेही सांगितलं. आई खणता खणता हसली. "त्याला काय झालं?" "काही नाही. असंच." "बरं आहे."

चाकांखाली घालायच्या खाचांच्या फळ्या असतात, त्या बसवल्या. टायरची हवा सोडली. झुडपं तोडून घातली. मग तिने पुढे जायचा नाद सोडून गाडी मागे घ्यायचं ठरवलं, आलो त्याच चाकोरीतून. मी उतरून मागच्या पत्र्यावर थाप मारत उभी, येऊ दे येऊ दे, हळू, येऊ दे, थोडं उजवीकडे, येऊ दे. भोईवाड्यात टेम्पो लावताना ओरडतात तसं. सिंहांनी ऐकलं असेल तर त्यांना वाटलं असेल कुठला माल उतरतोय. गाडीने एक घाणेरडा आवाज काढला, आणि निघाली. आई कोरड्यावर उतरली तेव्हा केसांपर्यंत राखाडी होती, दात तेवढे पांढरे. ढग आला. आम्ही दोघी त्यात उभ्या राहिलो, साबण लावून.

मे महिन्यात परत तो घुमट झाला. या वेळी आईने बाहेर येऊन काही सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, आता गाडी नको. ती म्हणाली, बरं. टॅक्सीत बसल्यावर बराच वेळ बाहेर बघत होती, आणि परळचा ब्रिज उतरताना ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, मधून घ्या, कडेला खड्डा आहे." तिला तो दिसला नव्हता. पाठ होता.

लोक अजून मला म्हणतात, थोडं थांबला असतात तर बिबट्या दिसला असता. मामाच म्हणतो. दिसला असता, हो. आईला तो डाव्या बाजूने गेला असता तर दिसला नसता, आणि स्टिअरिंगवर दुसरंच कोणीतरी असतं.

परवा मामा एका गृहस्थांना घेऊन आला. शिवाजी पार्कला राहतात, बँकेतून रिटायर्ड, अत्यंत सभ्य. त्यांना तिकडे जायचं आहे, आणि मामाने बाहेर अशी हवा केलीय की आमची ताई म्हणजे त्यातली ऑथॉरिटी. पावसात जाऊ नकोस म्हणणारा हाच मामा, बाजूला छाती काढून बसलेला. गृहस्थांनी सगळा अभ्यास केला होता. कुठल्या महिन्यात किती पाऊस, कुठला रस्ता कधी बंद.

"तर आम्ही पुढच्या वर्षीचा ऑगस्ट धरलाय," ते म्हणाले. "सगळ्यांचं मत तेच पडतंय. तुमचं काय मत, वहिनी?"

आई कोलंबी सोलत होती. "तुम्हाला काय बघायचंय?"

"मला काही नाही हो. मिसेसचं वेड. पक्ष्यांचे फोटो काढते ती. फार सुंदर काढते. हल्ली हात थोडा थरथरतो तिचा. औषध चालू आहे. हळूहळू वाढत जातं म्हणतात, पण अजून तसं काही नाही."

आईने हातातली कोलंबी खाली ठेवली. मान पूर्ण वळवून, आता वळवावी लागते तशी, त्यांच्याकडे बघितलं.

"पक्षी पावसात जास्त असतात," ती म्हणाली. "लांबून लांबून येतात. या डिसेंबरात जा."

"डिसेंबरात? पण तेव्हा तर तिकडे पाऊस ना. कॅमेरे, सामान, सगळं भिजायचं."

"भिजू दे," आई म्हणाली.